घडियालचे घर : चंबळची वाळू

मुंबईहून आगगाडीने आग्र्याकडे निघालात, की ग्वाल्हेरनंतर मुरैना स्टेशन लागते. तेथून धोलपूर येण्यापूर्वी गाडी एका रुंद नदीच्या पुलावरून धडधडत जाते. ही चंबळ. महूजवळच्या जानापाव डोंगरात ती उगम पावते आणि उत्तर प्रदेशात यमुनेला मिळते. चंबळ म्हटले की आपल्याला दरोडेखोर आठवतात. प्राणिशास्त्रज्ञांना मात्र आठवतो घडियाल. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या तीन राज्यांत पसरलेले राष्ट्रीय चंबळ अभयारण्य १९७८-७९ च्या सुमारास स्थापन झाले, ते मुख्यतः त्याच्यासाठी.

घडियालला मराठीत सुसर म्हणतात. पण आपल्याकडे मगरीलाही सर्रास सुसरच म्हटले जाते, म्हणून येथे घडियाल हाच शब्द वापरू. पूर्ण वाढलेल्या नराच्या मुस्कटाच्या टोकावर घड्यासारखा उंचवटा असतो, त्यावरून हे नाव पडले. नर पाच-सहा मीटर लांब होतो. एवढे धूड, पण जबडा मात्र चिमट्यासारखा अरुंद व शंभरावर दातांचा. असा का? बादलीभर पाण्यात एक पट्टी आधी रुंद बाजूने व मग कडेच्या बाजूने वेगाने फिरवून पाहा. पाण्याचा विरोध समोर येणाऱ्या क्षेत्रफळाबरोबर वाढतो आणि वेग दुप्पट केला तर चौपट होतो. घडियाल मासे पकडतो तो मान बाजूला झटकून. मगरीचा रुंद जबडा इतक्या चपळाईने पाण्यात फिरणार नाही. या सोयीची किंमतही आहे : माणसाच्या वा गुरांच्या वाटेला तो जात नाही, पण माशांखेरीज त्याचे फारसे भागतही नाही.

हिवाळ्यात नावेतून गेलात तर घडियाल वाळूवर ऊन खात पडलेले दिसतील. त्यांचे रक्त आपल्यासारखे एका तापमानाला राहत नाही. गार पाण्यातून बाहेर येऊन गडद पाठीवर ऊन घेतले, की शरीर तापते व अन्न पचते. मोठ्या घडियालला जमिनीवर पोट उचलून चालता येत नाही, तो घसरतच पुढे सरकतो. म्हणून त्याला हवी असते ती खोल पाण्याला लागून असलेली, उतरती, मऊ वाळू.

पण वाळूचे खरे काम उन्हाळ्यात दिसते. मार्च-एप्रिलमध्ये मादी वाळूत सुमारे हातभर खोल खड्डा करून तीस-पन्नास अंडी घालते. चंबळकाठची मे महिन्यातली दुपार म्हणजे वाळूवर अनवाणी पाय टेकवत नाही. मग अंडी उकडून कशी निघत नाहीत? समजा, पृष्ठभागाचे तापमान सरासरीच्या वर-खाली ३० अंशांनी हेलकावते. किंचित ओलसर वाळूत दर १४ सेंटिमीटर खोलीला हा हेलकावा जवळजवळ एक-तृतीयांश उरतो. म्हणजे १४ सेंटिमीटरवर ११ अंश, २८ वर ४ अंश आणि ४२ वर जेमतेम दीड अंश! वीज नाही, यंत्र नाही, आणि तरीही ही पेटी दिवसरात्र सारखी ऊब देते. शिवाय मगरींच्या साऱ्या कुळात पिलू नर होणार की मादी, हे अंड्याला मिळणाऱ्या तापमानावर ठरते. एक-दोन अंशांचा फरक येथे क्षुल्लक नाही.

आता ही वाळू रात्री ट्रॅक्टर भरभरून नेली तर? अभयारण्यात वाळू उपसण्यास बंदी आहे, तरी चोरटा उपसा चालतो. वरच्या भागात गांधीसागर, राणा प्रताप सागर यांसारखी धरणे आहेत. पाणी अडले की पात्र रोडावते, अवेळी सोडले की घरटी बुडतात.

१९७४ च्या सुमारास भारतात मोकळे घडियाल दोनशेच्या आत उरले होते. १९७५ पासून अंडी गोळा करून लखनौजवळ कुकरैल व मुरैनाजवळ देवरी येथील केंद्रांत पिले वाढवण्यात आली. सुमारे सव्वा मीटर लांब झाली की ती नदीत सोडत. संख्या वाढली. मग डिसेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात चंबळमध्ये शंभराहून अधिक घडियाल मेले. त्यांच्या शरीरात यूरिक आम्ल साचलेले आढळले, मूत्रपिंडे बिघडलेली होती. माशांमार्फत काही विष पोटात गेले असावे, असा संशय घेतला गेला. जगातले बहुसंख्य घडियाल या एकाच नदीत असल्याने अशी एक साथही फार महाग पडते.

चंबळला जाणे लगेच जमणार नाही, पण शाळेजवळ बांधकामाच्या वाळूचा ढीग असेलच. त्यात पृष्ठभागी, १४, २८ व ४२ सेंटिमीटरवर तापमापक ठेवा. पहाटे व दुपारी तीनला आकडे घ्या, आठवडाभर. वाळू कोरडी ठणठणीत असेल तर हेलकावा याहूनही लवकर विरेल. किती लवकर, ते तुमच्या आलेखातून काढा.