चहाच्या वेळी कोंबड्यांची हजेरी



सांगलीहून तासगावच्या रस्त्याला लागले की माधवनगर, बुधगाव, कवलापूर ही गावे येतात. या भागात द्राक्ष, हळद आणि उसाचा हिशेब वहीत असतो. परड्यातल्या आठ-दहा कोंबड्यांचा मात्र कोणी लिहीत नाही. कोंबड्याही कोणाच्या हिशेबात राहत नाहीत. ओसरीवर चहा ठेवला की बशीत चोच घालतात, हळदीच्या सरीतले आच्छादन उसकटतात आणि अंडे घालायला नेमकी शेजाऱ्याच्या कडब्याची गंज शोधतात. तरीही अंड्यांचा पैसा हा बहुधा घरच्या बाईच्या हातचा पैसा असतो. तो बुडू नये म्हणून कोंबड्यांना मोकळे ठेवूनच शिस्त कशी लावावी, ते पाहू.

दोन चहा, दोन हजेऱ्या

ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी दाणे मिळू लागले की कोंबडी ती वेळ थोड्याच दिवसांत ओळखते. घरात चहा दोनदा होतोच. त्याच वेळा धराव्यात.

सकाळच्या चहाला दाणा-पाणी खुराड्यातच द्यावे आणि नऊ-दहा वाजेपर्यंत दार उघडू नये. बहुतेक अंडी सकाळच्या प्रहरातच घातली जातात. त्यामुळे ती गंजीत न जाता तुमच्या हाती येतील. खुराडे हवेशीर असावे, त्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात भुसा घातलेला खोका ठेवावा आणि त्यात एक लाकडी अंडे टाकावे. ते पाहून तलंगा तेथेच बसू लागतात.

संध्याकाळच्या चहाला रोज एकच ताट वाजवून ज्वारी, मका किंवा कणी टाकावी. दिवसभर किडे, गवत, सांडलेले धान्य खाणाऱ्या कोंबडीस दोन्ही वेळचे मिळून ३५ ते ५० ग्रॅम दाणे पुरतात. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा, म्हणजे अंड्याचे कवच टणक होते. चहाचा चोथा मात्र कोंबड्यांपुढे टाकू नये. तो त्यांना अपायकारक आहे. तो खतखड्ड्यात जावा.

दाणे टाकताना कोंबड्या मोजाव्यात. मुंगूस किंवा बोका लागला असेल तर त्याच दिवशी कळते. ताट वाजूनही जी कोंबडी पंख पाडून बाजूला उभी राहते, ती आजारी समजावी व लगेच वेगळी ठेवावी. हजेरीचा खरा फायदा हाच आहे.

पीक आणि कोंबडी

पेरणीपासून उगवण पूर्ण होईपर्यंत कोंबड्या त्या रानात सोडू नयेत. औषध चोळलेले उरलेले बियाणे अंगणात झटकू नये. ते खाऊन कोंबड्या मरतात. द्राक्षबागेत फवारणी असेल तेव्हा त्यांना खुराड्यातच ठेवावे.

खुराड्यातील विष्ठा फेकू नका. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का असते, कोंबडीखतात सुमारे ३ टक्के. मात्र ताजे खत उष्ण पडते व रोपे करपतात. ते खतखड्ड्यात शेण व पालापाचोळ्याबरोबर कुजवूनच वापरावे.

राणीखेत : गल्लीने मिळून करावयाचे काम

परड्यातला कळप एका आठवड्यात रिकामा करणारा रोग म्हणजे राणीखेत (मानमोडी). हिरवट पातळ विष्ठा, धाप लागणे, मान वाकडी होणे, पाय लुळे पडणे ही त्याची लक्षणे. विषाणूजन्य असल्यामुळे त्यावर औषध नाही; लस हाच उपाय.

पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात द्यावा आणि सुमारे आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस कातडीखाली टोचून घ्यावी. अडचण अशी की लसीच्या एका कुपीत बहुधा १०० किंवा त्याहून जास्त मात्रा असतात. एकदा पातळ केलेली लस दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कुपी कोण फोडणार? म्हणून लस राहते. मग एका घरात शिरलेला रोग साऱ्या गल्लीत फिरतो, कारण कोंबड्यांना कुंपण ठाऊक नसते.

यावर उपाय सोपा आहे. आठ-दहा घरांनी मिळून एक संध्याकाळ ठरवावी. पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस आणताना ती बर्फावरच आणावी. त्यासाठी चहाचा थर्मास स्वच्छ धुऊन, थंड करून वापरता येतो. कोंबड्या दाण्यासाठी खुराड्यात शिरल्या की दार लावून एकेक हातात घ्यावी. फक्त निरोगी कोंबड्यांनाच लस द्यावी. हे काम उन्हाळा लागण्यापूर्वी उरकावे.

रोग आलाच, तर आजारी कोंबड्या बाजारात नेऊ नयेत. मेलेल्या कोंबड्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुराव्यात. एकाएकी मरतुक वाढल्यास दवाखान्यात त्वरित कळवावे. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हापासून अशी वर्दी देणे अधिकच महत्त्वाचे झाले आहे.

या आठवड्यात दोनच गोष्टी करा : संध्याकाळच्या चहाला कोंबड्या मोजा आणि शेजाऱ्यालाही चहाला बोलवा. लसीचा दिवस त्याच बैठकीत ठरेल. वाफा उसकटल्याची जुनी तक्रार निघाली, तर दोन अंडी त्यांच्या हातावर ठेवावीत.