विद्यार्थ्याचे ऋण : स्वार्थ व परार्थ ह्यांविषयी पाठ

शास्त्रभाग : दानीएल, अध्याय १ व २, फिलिप्पैकरांस पत्र २:१-११, गलतीकरांस पत्र १:१३-१४.

शाळा व वसतिगृहे उघडण्याचे दिवस जवळ आले म्हणजे आमच्या मंडळ्यांतून विद्यार्थ्यांकरिता विशेष प्रार्थना करण्याची चाल आहे. चाल उत्तम आहे. परंतु त्या प्रार्थनांतील शब्दांकडे एकदा कान देऊन पाहावे. मुलाला चांगले गुण मिळोत, त्याला नोकरी लागो, आईबापांचे पांग फिटोत, इतके मागून आम्ही आमेन म्हणतो. ह्यात वावगे काही नाही. आम्हीही अशा प्रार्थना केल्या आहेत व पुढेही करू. तथापि ज्या मुलाकरिता एवढी मागणी होते, त्याच्या विद्येने दुसऱ्या कोणाचे भले व्हावे, असा उच्चार आमच्या तोंडून क्वचितच निघतो. मूल हेच ऐकत वाढते, आणि पुढे ते केवळ आपल्यापुरते पाहू लागले म्हणजे आम्हीच त्याला स्वार्थी म्हणतो.

मसोली व डहाणू तालुक्यातील पाडे ह्यांमधून फिरताना पुढील देखावा वारंवार दृष्टीस पडतो. घरात चार लेकरे असावीत, त्यांपैकी एक आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात असावे. भात झोडून झाले, दिवाळी उरकली, की पुष्कळ आईबाप वीटभट्टीवर, मिठागरावर किंवा मासेमारीच्या बोटींवर कामास जातात. मागे धाकट्यांना सांभाळावयाचे, पाणी भरावयाचे, शेळ्या राखावयाच्या, हे कोणी करावे? बहुधा थोरली बहीण करते. शाळेच्या पटावर तिचे नाव असते, पण तिची हजेरी नसते. भाऊ वसतिगृहात बसून पुस्तक वाचतो, त्या वेळी त्याच्या वाट्याची कावड तिच्या खांद्यावर असते. हे त्याला कोणी सांगत नाही. त्याची समजूत अशी की, मी हुशार म्हणून मी शिकतो.

एका नाताळच्या सुटीत आम्ही अशाच एका घरी गेलो होतो. बाहेरगावी कॉलेजात शिकणारा मुलगा घरी आला होता. त्याच्या बहिणीने वनहक्काच्या दाव्यासंबंधी आलेला एक कागद त्याच्यापुढे धरला व तो वाचून दाखवण्यास सांगितले. वनहक्काचा कायदा २००६ साली झाला; पण दाव्याचे कागद वाचणारा घरात नसला, तर कसलेल्या जमिनीचा तुकडाही हातचा जावयाचा, हे त्या घरास चांगले ठाऊक होते. मुलगा मोबाइलवरची दृष्टी न काढता म्हणाला, "मला अभ्यास आहे." बहिणीने कागद घडी करून पुन्हा डब्यात ठेवला. तो आम्ही मागून घेतला व वाचून दाखविला. खरे सांगावयाचे तर, आपली गरज लागली ह्याचे आम्हांस बरेच वाटले, आणि मुलाला जे बोलावयास हवे होते ते आम्ही बोललो नाही. चहा घेतला, प्रार्थना केली व निघालो. हा पाठ लिहिण्यास बसण्याचे एक कारण ती चुकलेली वेळ होय.

ह्या बहिणीचा विचार ह्याच तालुक्यात फार पूर्वी कोणी केला होता, हे आमच्या तरुणांस माहीत असावे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे लहान मुलांच्या शिक्षणाचे काम आरंभिले, आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेव्हा ताराबाईंचे वय ६५ वर्षांचे होते. मुले शाळेत का येत नाहीत ह्याचा त्यांनी शोध केला, तेव्हा असे दिसले की थोरली मुलगी येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. आणि मुलगा येत नाही, कारण त्याला गुरे राखावयाची असतात. त्या बायांनी आईबापांस बोल लाविला नाही. त्यांनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात मांडली. बहीण यावी, कडेवरचे मूल पाळणाघरात ठेवावे, आणि आपण शेजारच्या वर्गात बसावे. गुराख्यांकरिता शाळाच कुरणात गेली. आज गावोगाव जी अंगणवाडी दिसते, तिच्या मुळाशी शाळा मुलांच्या अंगणात नेण्याची हीच कल्पना आहे.

अनुताईंचे स्वतःचे विद्यार्थिजीवन पाहावे. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. पुढे पुण्यास दिवसा शिक्षिकेचे काम करून त्या रात्रीच्या शाळेत शिकल्या व १९३७ साली मॅट्रिक झाल्या. बी.ए.ची परीक्षा त्यांनी १९६१ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, कोसबाडचे काम करीत असता दिली. दुसऱ्यांची सेवा करावयाची म्हणून त्यांनी आपले शिकणे टाकिले नाही, आणि शिकावयाचे म्हणून सेवेस रजा दिली नाही. ह्या बाया ख्रिस्ती मंडळीतल्या नव्हत्या. आमच्यातील कोणास हे उदाहरण येथे नको वाटेल. त्याने लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील शोमरोन्याचा दृष्टांत पुन्हा वाचावा, आणि वाटेवरच्या जखमी माणसाला ओलांडून कोण गेले तेही पाहावे.

आता दानीएलाकडे वळू. शास्त्रात विद्यार्थ्यांची उदाहरणे फार नाहीत, परंतु हे अगदी स्पष्ट आहे. परक्या राज्यात, परकी भाषा व परकी विद्या शिकण्यास तीन वर्षांकरिता नेलेले हे चार तरुण, म्हणजे एका अर्थी वसतिगृहातील मुलेच होती. शाकान्नाची गोष्ट आमचे उपदेशक वारंवार सांगतात व तेथेच थांबतात. खरी परीक्षा दुसऱ्या अध्यायात आहे. राजाने स्वप्न पाहिले. ज्ञान्यांना ते सांगता येईना. सर्व ज्ञान्यांचा वध करण्याची आज्ञा सुटली. दानीएल घरी गेला व त्याने आपल्या तिघा सोबत्यांस ही गोष्ट सांगितली. येथे क्षणभर थांबावे. ज्याला पुढे येण्याची संधी दिसते, असा विद्यार्थी सहसा आपली गोष्ट सोबत्यांपासून लपवितो. दानीएलाने चौघांनी मिळून प्रार्थना करावी असे ठरविले.

त्यापुढे आणखी एक गोष्ट आहे, जी आमच्याही ध्यानात पुष्कळ वर्षे आली नव्हती. अठराव्या वचनात चौघांची विनंती अशी आहे की, बाकीच्या ज्ञान्यांबरोबर आपला नाश होऊ नये. ती केवळ चौघांपुरती आहे. भ्यालेल्या माणसाची प्रार्थना अशीच असते, आणि देवाने ती झिडकारली नाही. परंतु रहस्य उघड झाल्यावर, चोविसाव्या वचनात, दानीएल अर्योकाकडे जाऊन पहिली गोष्ट कोणती बोलतो? बाबेलच्या ज्ञान्यांचा नाश करू नका. हे ज्ञानी त्याचे प्रतिस्पर्धी होते, खोट्या देवांचे भक्त होते. ते नाहीसे झाले असते तर दानीएलाची वाट मोकळीच झाली असती. जे चौघांकरिता मागितले, ते मिळताच त्याने सर्वांकरिता वाटून दिले. अध्यायाच्या शेवटी त्याला मोठे पद मिळते, तेव्हाही तो सोबत्यांची नावे राजाच्या कानी घालण्यास विसरत नाही.

ह्याच्या उलट चित्र पौलाचे आहे. गलतीकरांस लिहिताना तो स्वतः सांगतो की, आपल्या वयाच्या पुष्कळांच्या पुढे तो धर्मविद्येत गेला होता. आजच्या भाषेत तो पहिल्या नंबराचा विद्यार्थी होता, गुरू गमलिएलासारखा होता, आणि त्या विद्येच्या भरात तो करीत काय होता, तर मंडळीचा छळ. नंबर पहिला असला म्हणजे मनुष्याचा मार्ग सरळ असतोच असे नाही. तोच पौल पुढे फिलिप्पैकरांस आपापल्या हिताबरोबर दुसऱ्याच्याही हिताकडे पाहावयास सांगतो. त्यातील 'ही' हा लहान प्रत्यय शिकविताना गाळू नये. स्वतःचे हित पाहूच नका, असे पौल सांगत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री मंडळीच्या कार्यक्रमाची खुर्च्या-सतरंजी उचलण्यास मुलाला बोलावून, तो आला नाही म्हणून त्याला स्वार्थी ठरविणाऱ्या पंचांनी हा प्रत्यय विशेष लक्षात ठेवावा.

तसेच, परीक्षेत शेजाऱ्याला उत्तर दाखविणे ह्यास परोपकार म्हणणारे विद्यार्थी आम्हांस भेटले आहेत. मत्तय पंचविसातील शहाण्या कुमारींनी तेल दिले नाही, ते स्वार्थाने नव्हे. नवरा दाराशी आल्यावर देता येणारे ते तेलच नव्हते. परंतु हाच दृष्टांत पुढे करून वर्षभर आपली वही कोणास न दाखविणारा विद्यार्थीही आहे, आणि त्याचे उत्तर वेगळे आहे : संध्याकाळी दुकान उघडे होते, तेव्हा तू सोबत्यास दुकानापर्यंत नेलेस काय?

हे आम्ही वरून बोलत नाही. सेमिनरीत असता एका वर्षी रोमकरांस पत्रावरील मराठी टीकेची एकच प्रत ग्रंथालयात होती. परीक्षेला आठ दिवस असता ती आम्ही मागच्या फळीवर, जुन्या अहवालांच्या आड सरकवून ठेविली, व सर्वजण झोपल्यावर जाऊन वाचीत असू. त्या विषयात आमचा पहिला क्रमांक आला. आमचा एक वर्गबंधू, ज्याचे मराठी वाचन आधीच बेताचे होते, तो त्या विषयात नापास झाला आणि पुढच्या वर्षी परत आला नाही. तो केवळ त्या पुस्तकामुळे गेला असे म्हणता येत नाही. घरची अडचणही होती. परंतु रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायावर उपदेश करण्यास आम्ही उभे राहतो, तेव्हा ती फळी आम्हांस आजही दिसते. त्याला आम्ही पुढे पत्र लिहिले. उत्तर आले, त्यात त्याने आमच्या मुलाबाळांची विचारपूस केली होती, आणि पुस्तकाविषयी एक अक्षर नव्हते.

विद्या दुसऱ्याकरिता शिकणे म्हणजे काय हे मराठी ख्रिस्ती मंडळीने दूर पाहावयास नको. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडात गेल्या, तेथे शिकत असता शिकवीतही होत्या, आणि १८८९ साली परत येऊन त्यांनी मुंबईस विधवांकरिता शारदा सदन उघडिले. उतारवयात त्या इब्री व ग्रीक भाषांच्या अभ्यासास लागल्या, ते पदवीकरिता नव्हे, तर खेड्यातील बाईलाही समजेल अशा सोप्या मराठीत सारे शास्त्र उतरावे म्हणून. त्या १९२२ साली वारल्या; त्यांचे भाषांतर ग्रंथरूपाने १९२४ साली बाहेर पडले.

उपदेशक बंधूंस व भगिनींस आमची विनंती इतकीच की, हा पाठ विद्यार्थ्यांस उपदेश म्हणून वाचून दाखवू नये. मुले सुटीत घरी आली म्हणजे त्यांना एकत्र बसवावे, दानीएलाचा दुसरा अध्याय वाचावा, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न करावा : तू शिकत असता तुझ्या वाट्याचे काम घरी कोण करीत आहे? नाव घेऊन सांगावयास लावावे. उत्तर लवकर येणार नाही; घाई करू नये. नंतर त्या सुटीपुरते तरी त्या नावाच्या माणसाचे एक काम त्याने आपणाकडे घ्यावे : पाण्याची खेप असो, दाव्याचा कागद असो, किंवा बहिणीला अक्षरे लिहावयास शिकविणे असो. सुटी संपण्यापूर्वीच्या रविवारी पुन्हा बसावे, आणि ह्या वेळी घरी राहिलेल्या भावाबहिणींनाही बोलवावे. प्रथम त्यांना बोलू द्यावे.