स्टिकरखालचा स्टिकर

चकलीच्या तेलानं मला शहाणं केलं, असं म्हटलं की घरचे हसतात. हसू देत. २०२३ च्या दिवाळीत माझं काय गेलं ते मला ठाऊक आहे. ‘भांडायला जायचं नाही’ असं ह्यांनी बजावून ठेवलंय, तेव्हा भांडत नाही, लिहिते. माझ्यासारख्या पिशवीत कॅटलॉग घेऊन नागपूरचे ले-आउट पालथे घालणाऱ्या बायांना त्याचा उपयोग झाला तर बरंच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण नंतर तिच्यावरून फार बोलणी झाली. कॅटलॉग माझे होते. ज्या थेट विक्रीच्या कंपनीचा माल मी विकते, ती ते फुकट वाटत नाही. दर महिन्याला पंधरा-वीस प्रती मी पदरचे पैसे घालून मागवते, रात्री जेवणं आटोपली की टेबलावर पसरते आणि प्रत्येकाच्या मागच्या पानावर स्टिकर लावते. स्टिकरवर माझं नाव आणि मोबाइल, माझ्याच अक्षरात. छापून घ्यायचे तर पैसे जातात, आणि माझं अक्षर चांगलं आहे असं मला वाटतं. हे मागचं पान लक्षात ठेवा, चूक तिथेच होती. पण माझी चूक आणि तिचा उद्योग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिला इथे मी ‘ती’च म्हणते. नाव घेतलं तर भिशीतल्या सगळ्याच ओळखतील. तिला या कामात मीच आणलं. तिचं पहिलं किट मी मागवलं, प्रतापनगरहून बर्डीच्या मीटिंगला माझ्या स्कूटीवर मागे बसवून नेलं, क्रीम हातावर कशी लावून दाखवायची तेही मीच शिकवलं. ती माझ्या लाइनमध्ये, म्हणजे तिच्या विक्रीचे थोडे पॉइंट मला मिळतात. थोडे. हेही लक्षात ठेवा.

त्या वर्षी सप्टेंबरपासूनच ग्रह फिरले होते. २३ तारखेच्या पहाटे ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. माझी चांगली पाच-सहा गिऱ्हाईकं डागा ले-आउट आणि कॉर्पोरेशन कॉलनीत. ज्यांच्या फ्रिजमध्ये चिखल गेला त्यांना ‘या महिन्याचा कॅटलॉग पाहिला का’ असं कोण विचारणार? मी विचारलं नाही. तेव्हा दिवाळीची सगळी भिस्त आपल्या भिशीवर आणि शेजारच्या दोन गल्ल्यांवर होती. नेमकी ऑक्टोबरात लेक बाळंतपणाला टेकली आणि मला पुण्याला जावं लागलं. निघताना मी दिवाळीचे बारा कॅटलॉग, स्टिकर लावून, तिच्या हातात दिले. म्हटलं, ‘भिशीत वाटून दे, ऑर्डर मला फोनवर येतील, मी पुण्याहून टाकीन.’ ती म्हणाली, ‘हो जी ताई, तुम्ही बिनघोर जा.’

मी बिनघोर गेले.

आदल्या दिवाळीला तेवीस ऑर्डर आल्या होत्या. या खेपेला चार. पुण्यात नातवाच्या लंगोटांत मला हिशेबाची शुद्ध नव्हती. वाटलं, पुरानं लोकांचे हात आखडले असतील. धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधी परत आले आणि समोरच्या काकूंकडे पेढे द्यायला गेले. काकूंनी चहा टाकला. टीपॉयवर चकल्यांची ताटली होती आणि ताटलीखाली, टीपॉयला डाग पडू नये म्हणून, आमचा दिवाळीचा कॅटलॉग पालथा घातलेला.

काकू म्हणाल्या, ‘अगं, तुझी ती पावडर आली बरं का. छान आहे. ती पोरगी आणून देऊन गेली.’

मी म्हटलं, ‘कोणती पोरगी?’

‘तुझीच ना ती! तू पाठवलेली.’

मी ताटली उचलली. मागच्या पानावर स्टिकर होता, पण अक्षर माझं नव्हतं. छापील, गुलाबी किनारीचा, तिच्या नावाचा. आणि चकलीचं तेल झिरपून त्या स्टिकरच्या मधोमध रुपयाएवढा डाग पडला होता. तेलानं कागद पारदर्शक होतो. त्या डागातून खालच्या स्टिकरवरचे आकडे दिसत होते. शेवटचे तीन आकडे, माझ्या अक्षरातले. माझ्या सातचं पोट मी आडव्या रेघेनं कापते. ती रेघसुद्धा दिसत होती.

काकू आत साखर शोधत होत्या. मी नखानं कोपरा उचलला. वरचा स्टिकर नीट निघाला, खाली माझं नाव तसंच्या तसं. तिनं माझा काढण्याचीही तसदी घेतली नव्हती. त्यावर चिकटवून मोकळी झाली. मला राग नंतर आला. आधी आली ती लाज. कशाची, कोण जाणे. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा मी स्टिकर परत दाबून बसवला होता. हे मी का केलं, ते आजही मला सांगता येत नाही.

मग मी गल्लीत फिरले. बारापैकी आठ कॅटलॉग सापडले, आठही तसेच. कोपऱ्यावरच्या वहिनी म्हणाल्या, ‘आम्हाला वाटलं तुम्ही नंबर बदलला.’ ब्यूटीपार्लरवाली म्हणाली, ‘मला काय, जो नंबर दिसला तो लावला.’ बरोबरच आहे तिचं. गिऱ्हाइकाला तुमच्या नावाशी देणंघेणं नसतं. पान उलटलं की जो नंबर दिसेल, त्याला फोन.

संध्याकाळी मी तिला विचारलं. शांतपणे विचारलं, ह्यांना साक्षीला घ्या. तिचं उत्तर शब्दशः देते: ‘ताई, तुमचा फोन लागतच नव्हता ना जी. बाया वाट पाहून राहिल्या होत्या. मी म्हटलं, कंपनीचं नाव खराब होईल. आन् आपण एकाच लाइनमध्ये तर आहो, पॉइंट तुम्हालाच येऊन राहिले ना?’

फोन लागत नव्हता, तर छापील स्टिकर कधी करून आणले? गुलाबी किनारीचे? ते काय एका रात्रीत झाले? आणि पॉइंटचं म्हणाल, तर कॅटलॉगच्या किमतीवरचं मार्जिन तिच्या पर्समध्ये गेलं आणि मला वर पोचला तो प्रसादाचा दाणा. हे तिला कळत नाही असं नाही. मीच शिकवलंय.

कंपनीत तक्रार केली. तिथल्या मुलीनं विचारलं, ‘मॅडम, कॅटलॉगवर तुमचा युनिक नंबर काही होता का?’ नव्हता. विषय संपला.

आता तुमच्यासाठी. मी जे शिकले त्यातलं काही माझ्या हाडामासाचं आहे, काही सगळ्यांनाच माहीत असतं.

स्टिकर लावू नका. लावलाच तर तेवढ्यावर विसंबू नका. नागपुरात मे महिन्यात गाडीच्या डिकीत कॅटलॉग राहिला की डिंक पातळ होतो, स्टिकर घसरतो आणि शेजारच्या कॅटलॉगला चिकटतो. शिवाय कव्हर सगळ्यात आधी फाटतं, भाजी त्यात गुंडाळली जाते, आणि मागच्या पानावर जे असतं ते सगळ्यांत आधी जातं. नंबर आतल्या पानांवर हवा: लोक जिथे थांबतात तिथे. लिपस्टिकच्या शेड्सचं पान, ऑफरचं पान, मधलं पिनांचं पान. मी आता सात ठिकाणी टाकते. सात नंबरांवर सात स्टिकर चिकटवायला बसणारी बाई अजून जन्माला यायची आहे.

त्यासाठी रबरी शिक्का करून घ्या. बर्डीत करून मिळतो, फार खर्च येत नाही. पण थांबा, इथे मी दहा कॅटलॉग वाया घालवले आहेत. कॅटलॉगचा कागद गुळगुळीत, चकचकीत असतो. शिक्क्याची साधी शाई त्यात मुरत नाही, वरच राहते. मी शिक्के मारले, पान मिटलं, आणि समोरच्या मॉडेलच्या गालावर माझा नंबर उलटा उमटला. चकचकीत कागदावर चालणारी लवकर वाळणारी शाई वेगळी मिळते, ती मागा. आणि शिक्का मारल्यावर पानं उघडी ठेवून पंख्याखाली वाळवा. एवढं करायचं नसेल तर बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर घ्या. हाताचं अक्षर तसंही चोरता येत नाही.

शिक्क्यात नाव, मोबाइल आणि कंपनीनं दिलेला तुमचा नोंदणी क्रमांक एवढंच ठेवा. तो क्रमांक माझ्या स्टिकरवर असता, तर त्या कंपनीतल्या मुलीला मी उत्तर दिलं असतं. महिनाही लिहा. पार्लरमध्ये, दवाखान्याच्या बाकावर जुने कॅटलॉग वर्षभर पडून असतात, आणि लोक गेल्या दिवाळीचा भाव धरून भांडतात.

घरचा पत्ता कॅटलॉगवर टाकू नका. मी सुरुवातीला टाकत असे. एकदा रात्री साडेनऊला एक गृहस्थ ‘रेट विचारायला’ दारात उभे. हे घरी होते म्हणून बरं. पत्ता लपवायचा असं मात्र नाही. २०२१ च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम काढले. त्यानुसार आपण गिऱ्हाइकाला आपलं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, ओळखीचा पुरावा आणि फोन द्यायलाच हवा, ओळखपत्र जवळ हवं, आणि आधी विचारल्याशिवाय कोणाच्या घरी जायचं नाही. पण हा सगळा तपशील ऑर्डर फॉर्मवर येतो, आणि फॉर्म ज्याला माल हवा त्याच्याच हातात पडतो. कॅटलॉग कोणाच्या हाती जाईल, ते आपल्या हाती नसतं. माझ्या बाबतीत तर नव्हतंच. त्याच नियमांत आणखी एक आहे: कंपनीनं मंजूर न केलेलं छापील साहित्य गिऱ्हाइकाला द्यायचं नाही. म्हणजे स्वतःचं पत्रक, स्वतःचे दावे छापून कॅटलॉगमध्ये खुपसायचे नाहीत. शिक्का कुठे आणि किती मोठा चालेल तेही आधी कंपनीला विचारून घ्या, लेखी. तोंडी ‘चालतं मॅडम’चा पुढे उपयोग होत नाही.

कॅटलॉगवर क्यूआर कोड तर मुळीच नको, त्यावरही कोणी दुसरा चिकटवेल. आणि नंबर छापला की भलते फोन येणारच, हे धरून चाला. मला एकदा एकाचा फोन आला: कामठी कॅन्टोन्मेंटमधून बोलतोय, फौजी आहे, मेससाठी चाळीस हँडवॉश हवेत, पैसे आत्ता पाठवतो. आवाज अगदी रुबाबदार. मग त्यानं क्यूआर पाठवला आणि म्हणाला, ‘स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.’ चाळीस हँडवॉशच्या नादात माझं बोट पिनवर गेलंही होतं. मुलगा बाजूला जेवत होता, त्यानं घास तसाच ठेवून फोन ओढला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. एवढं एक वाक्य फ्रिजवर चिकटवून ठेवा. चिकटवायला आमच्याकडे स्टिकर बरेच उरलेत. चुकून गेलेच पैसे तर लगेच १९३० ला फोन करायचा, उद्यावर टाकायचं नाही. धंद्यासाठी सिम वेगळं घ्या, आणि ते बंद पडू देऊ नका. सिमची कंपनी बदलायची असेल तर नंबर तोच ठेवून बदलता येतो.

व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवत असाल तर खाली मजकुरात नंबर लिहून भागत नाही, पुढे पाठवताना मजकूर गळू शकतो. कंपनीची स्वतःची लिंक असेल, जिच्यात तुमचा क्रमांक आपोआप असतो, तर तीच द्या. हे मला भाचीनं सांगितलं, मला तिथलं फार कळत नाही.

आणि कोणाच्या हाती कॅटलॉग द्यायचे असतील तर मोजून द्या, पहिल्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकांना स्वतः फोन करा. पुण्यात असाल तरी. नातवाला दोन मिनिटं आजोबांकडे देता येतं.

मला विचारतात, आता तिच्याशी बोलतेस का. बोलते. एका गल्लीत राहून न बोलून कसं चालेल? संक्रांतीला तिनं तिळगूळही दिला, मी घेतला. तिची गुलाबी किनारही अजून तशीच आहे, पण आता ती स्वतःच्या पैशाच्या कॅटलॉगवर लावते, निदान माझ्या पाहण्यात तरी.

या महिन्याची भिशी तिच्याच घरी आहे. मी जाणार. पिशवीत बारा कॅटलॉग टाकलेत, काल रात्री पंख्याखाली वाळवलेले, प्रत्येकात सात शिक्के.