बेरियम तपासणीनंतरची पोटदुखी

अन्ननलिका, जठर व आतडी यांच्या विकारांचे निदान करण्यासाठी रुग्णास पांढरे औषध पाजून क्ष-किरण चित्रे घेण्याची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. हे औषध म्हणजे बेरियम सल्फेट. ते पाण्यात विरघळत नाही, रक्तात शोषले जात नाही आणि क्ष-किरणांना अडवीत असल्यामुळे आतड्याची आकृती चित्रात स्पष्ट उमटते. दुर्बिणीची तपासणी व सी. टी. स्कॅन यांमुळे या पद्धतीचा वापर घटला असला, तरी तिची उपयुक्तता संपलेली नाही.

तपासणीनंतर काही दिवस शौच पांढरट होते. त्यात काळजीचे कारण नाही. मात्र मोठे आतडे पाणी शोषून घेते, तसे मागे राहिलेले बेरियम घट्ट होत जाते. आंत्रपुच्छात, म्हणजे अपेंडिक्समध्ये, ते शिरले तरी बहुधा आपोआप बाहेर पडते. क्वचित मात्र त्याचा खडा बनून आंत्रपुच्छाची पोकळी बंद होते व दाह सुरू होतो. ही गुंतागुंत अत्यंत विरळ आहे. आंत्रपुच्छदाह हा मुळातच नेहमी आढळणारा विकार असल्याने काही प्रसंगी तो केवळ योगायोगही असू शकेल. जठराच्या कर्करोगासाठी जपानमध्ये असंख्य लोकांची बेरियम तपासणी होते. तेथेही असे रुग्ण मोजकेच नोंदले गेले आहेत. तेव्हा या भीतीने आवश्यक तपासणी टाळणे सर्वथा अयोग्य होय.

खरा धोका आहे तो विलंबाचा. तपासणीनंतर पोट दुखू लागले की ‘औषधाने पोट बांधले असेल’ असे म्हणून घरची मंडळी जुलाबाचे औषध देतात. तपासणी झाल्यावर भरपूर पाणी व डॉक्टरांनी सांगितलेले सौम्य रेचक घ्यावे, हे खरे. परंतु बेंबीभोवती सुरू झालेली वेदना उजव्या बाजूस खाली सरकली, सोबत मळमळ, अरुची वा ताप असला, तर तेच रेचक घातक ठरू शकते. आंत्रपुच्छ फुटल्यास बेरियम व जंतू उदरपोकळीत पसरून गंभीर दाह होतो.

अशा वेळी रुग्णास विनाविलंब रुग्णालयात आणावे आणि बेरियम तपासणी कधी झाली, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. दाह काही तासांत होऊ शकतो, तसा काही महिन्यांनीही. त्यामुळे जुनी तपासणीही सांगण्याजोगी असते. निदान निश्चित झाल्यास बहुधा शस्त्रक्रियेने आंत्रपुच्छ काढून टाकतात. कोणताही त्रास नसताना चित्रात तेथे केवळ बेरियम दिसले, तर सहसा शस्त्रक्रियेची गरज नसते.