आड लयीचा अभ्यास

तबल्याचा ठेका एका लयीत चालू असतो आणि गायक अथवा वादक त्याच आवर्तनात निराळ्या गतीची अक्षरे बसवितो. दोन्ही गती समेवर पुन्हा एकत्र येतात. यालाच लयकारी म्हणतात. दुप्पट व चौपट विद्यार्थ्यास लवकर साधते, कारण प्रत्येक मात्रेवर एक अक्षर पडतेच. खरी अडचण दीडपटीपासून, म्हणजे आड लयीपासून सुरू होते. येथे दोन मात्रांच्या काळात तीन अक्षरे म्हणावयाची असतात. दुसऱ्या मात्रेवर कोणतेच अक्षर येत नाही.

ही अडचण गणिताने उलगडते. २ आणि ३ यांचा लसावि ६ होय. म्हणून दोन मात्रांच्या काळाचे सहा समान भाग कल्पावेत. मात्रा पहिल्या व चौथ्या भागावर येतात. अक्षरे पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या भागावर येतात.

अभ्यास पुढील क्रमाने करावा :

१. एक ते सहा अंक सावकाश व सारख्या अंतराने मोजावेत. उजव्या हाताने मांडीवर १, ३, ५ या अंकांवर व डाव्या हाताने १ आणि ४ या अंकांवर थाप द्यावी. दोन्ही, उजवा, डावा, उजवा असा क्रम ऐकू येईल.

२. हा क्रम स्थिर झाल्यावर अंक मनात मोजावेत.

३. नंतर हाताने त्रितालाच्या मात्रा दाखवाव्यात आणि मुखाने दादऱ्याचे बोल ‘धा धी ना, धा ती ना’ आड लयीत म्हणावेत. दादरा चार वेळा म्हटला असता त्याची २४ अक्षरे त्रितालाच्या १६ मात्रांत नेमकी बसतात व पुढचा ‘धा’ समेवर येतो.

या अभ्यासातील मोठा धोका असा, की हात नकळत बोलांच्या मागे जातो. मग दोन लयी उरत नाहीत. मूळ लयच बदललेली असते आणि साथीदाराबरोबर सम चुकते. परीक्षा सोपी आहे. आड लयीचे आवर्तन संपताच त्रितालाचा साधा ठेका म्हणावा. त्याची गती आरंभाच्या ठेक्याहून जलद अथवा मंद वाटल्यास पाया सुटला, असे समजावे. वेग वाढविण्याची घाई करू नये.

पुढे तीन मात्रांत चार अक्षरे बसवावीत. येथे भाग बारा. मात्रा १, ५, ९ वर आणि अक्षरे १, ४, ७, १० वर येतात.

गोव्याचे लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर हातापायांनी एकाच वेळी निरनिराळे ताल दाखवीत, अशी त्यांची ख्याती होती. तेवढी सिद्धी विरळाच. परंतु आरंभीच्या या पाठास वाद्य लागत नाही, खर्चही नाही. शिक्षकांनी वर्गाचे दोन गट करून एकास दोन व दुसऱ्यास तीन टाळ्या द्यावयास लावल्यास लसावि आणि लय ही दोन्ही मुलांना एकाच वेळी समजतील.