आधी ओल्या रस्त्याचा विचार कर

फोटो नीट पाहिला गं. मागचा टायर मधोमध गोटा झालाय आणि दोन्ही कडांच्या खाचा अजून जशाच्या तशा आहेत. बंगळूरमध्ये रोज चालणाऱ्या बहुतेक गाड्यांचं हेच होतं. बनशंकरीहून ऑफिसला जाताना सिग्नल ते सिग्नल गाडी सरळ उभीच असते, झुकायची वेळ येतेच कुठे? टॉमटॉमच्या २०२२ सालच्या पाहणीत इथल्या मध्यवस्तीत दहा किलोमीटर जायला सरासरी २९ मिनिटं १० सेकंद लागतात असं निघालं होतं. तुझी गाडी वर्षभर जगते ती या वेगात. तुझ्या ऑफिसातली मुलं रविवारी पहाटे नंदी हिल्सला कुठला टायर घालून जातात, याने मला फारसा फरक पडत नाही. तू सोमवार ते शुक्रवार कुठे असतेस आणि गणपतीला बेळगावला कशी पोचतेस, याने पडतो.

परफॉर्मन्स टायर घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही. घेच. जिवापेक्षा चार पैसे जास्त नाहीत. रस्त्याला टेकतो तो टायरचा जेमतेम तळहाताएवढा तुकडा, आणि ब्रेक, वळण, वेग, मागे बसलेली मैत्रीण, सगळं त्या दोन तुकड्यांवर असतं. फक्त परफॉर्मन्स कशाला म्हणायचं हे आधी ठरव. मुलं म्हणतात गाडी किती झुकते. मी विचारते, पाऊस पडत असताना कादिरेनहळ्ळीच्या अंडरपासपाशी समोर अचानक रिक्षा थांबली तर तुझी गाडी किती अंतरात थांबते?

या दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी आहेत, कारण रबर वेगळं असतं. ट्रॅकसाठी बनवलेला अगदी मऊ टायर गरम झाल्याशिवाय पकड देत नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर फेऱ्या मारून तो तापतो, तिथे तो सोन्यासारखा. तुझ्या रस्त्यावर, डिसेंबरच्या सकाळी पंधरा-सोळा अंशांत, रिंग रोडला रांगत जाताना तो तापणारच नाही. वर पाणी बाहेर काढायला खाचा कमी, आणि झिजणार मात्र भराभर. रस्त्यासाठीच्या चांगल्या स्पोर्ट टायरमध्ये रबरात सिलिका मिसळलेली असते. त्यामुळे थंडीत आणि पावसात रबर लवचीक राहतं, ओल्या रस्त्याला धरून ठेवतं. काही टायर दुहेरी रबराचे असतात, मध्ये कडक आणि कडेला मऊ. तुझा टायर कुठे घासलाय ते बघितलंस ना? तुला हाच प्रकार हवा. मधला कडक पट्टा रोजची सरळ रपेट सोसेल आणि आंबोली घाटाच्या वळणांवर कडेचं मऊ रबर कामाला येईल.

आपल्या भागाचं सांगते, कारण तू इथे नवी आहेस. इथला पाऊस जून-जुलैत संपत नाही. सप्टेंबर हा बंगळूरचा सगळ्यात ओला महिना, आणि ऑक्टोबरही कोरडा जात नाही. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या सरी येतात, त्या जास्त फसव्या. महिनोन्‌महिने रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ पहिल्या दहा मिनिटांत वर येते. त्याच दिवसांत पीतमोहराच्या फुलांचा सडा पडलेला असतो, ओला झाला की साबणासारखा. मंगळवारी आणि शुक्रवारी बनशंकरी देवीच्या देवळासमोर कनकपुरा रोडवर राहुकाळात लिंबाचे दिवे लावायला बायकांची गर्दी असते, माणसं मध्येच रस्ता ओलांडतात. मेट्रोच्या खांबांखाली ऊन पोचत नाही तिथे ओल रेंगाळते. झेब्रा पट्ट्यांचा रंग, गटारांची लोखंडी झाकणं, काँक्रीटचा रस्ता संपून डांबर सुरू होतं तो सांधा, या सगळ्यावरून तुला रोज जायचंय. तुझ्या गाडीला एबीएस आहे हे मला माहीत आहे. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण रबरात नसलेली पकड ते आणणार कुठून?

आता मापाचं. तुझ्या एनएस २०० ला कंपनीने पुढे १००/८०-१७ आणि मागे १३०/७०-१७ दिलंय. दुकानात कुणीतरी नक्की सांगेल, "मॅडम, मागे १४० टाका, लुक येतो." नाही म्हण. रिमची रुंदी तीच राहते. तिच्यात जास्त रुंद टायर कोंबला की तो दोन्ही बाजूंनी आवळला जातो आणि त्याची गोलाई बदलते. गाडी वळायला जड होते, आणि रुंद टायर रस्त्याला जास्त टेकेल ही आशाही बऱ्याचदा फोल ठरते. कंपनीचे इंजिनिअर हँडलचा कोन, रिमची रुंदी आणि टायरचा आकार एकत्र बसवतात. त्यातली एकच गोष्ट बदलून बाकीच्या तशाच ठेवता येत नाहीत.

मापाच्या पुढचा आकडा आणि अक्षर वाचायला शिक. ६२ म्हणजे तो टायर २६५ किलो भार पेलतो, ५२ म्हणजे २०० किलो. अक्षर वेगाचं: पी १५० पर्यंत, एस १८०, एच २१०. तुझी गाडी दीडशेच्या आतलीच आहे, तेव्हा अक्षरासाठी जास्त पैसे मोजू नकोस. कंपनीने दिलंय त्याच्याखाली मात्र जायचं नाही, भाराच्या आकड्यातही नाही. बेळगावहून येताना आई पिशव्या भरून काय काय देते ते मी पाहिलंय.

रेडियल की साधा, हेही विचारशील. साध्या टायरमध्ये आतले धागे तिरपे, एकमेकांवर आडवे जातात. रेडियलमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि वर पट्टा असतो. वेगात रेडियल कमी तापतो, लांबच्या रस्त्यावर स्थिर वाटतो. त्याच्या मापात मध्ये रेघेऐवजी आर हे अक्षर असतं. तुझ्या मापात साधे टायर सहज मिळतात आणि चांगले मिळतात. पुढे एका जातीचा, मागे दुसऱ्या जातीचा असं करू नकोस. शक्यतो जोडीच घे, एकाच कंपनीची, एकाच मालिकेची.

कंपनीचं नाव विचारशील तर मी एकच सांगणार नाही. एमआरएफची रेव्झ, अपोलोची अल्फा, सिएटची झूम, टीव्हीएस युरोग्रिपची प्रोटॉर्क, या देशी मालिका आता भरवशाच्या आहेत. दहा-बारा वर्षांपूर्वी चांगली पकड हवी तर पिरेली किंवा मिशेलिनच, असं सगळे म्हणायचे. जून २०२० मध्ये सरकारने टायरच्या आयातीवर निर्बंध घातले, तेव्हापासून परदेशी जोडी हवी त्या मापात हवी तेव्हा मिळेलच असं नाही. मिशेलिनची पायलट स्ट्रीट मिळाली आणि खिशाला झेपली तर जरूर घे, ती ओल्या रस्त्याची काळजी घेऊन बनवलेली आहे. पण तिच्यासाठी महिनाभर गोटा टायरवर फिरत बसू नकोस. भाव विचारताना एक लक्षात ठेव, २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. पक्कं बिल माग.

जे. सी. रोडला चौकशी कर, आपल्या बनशंकरी सेकंड स्टेजमधल्या दुकानातही कर. तू भाऊजींना घेऊन गेलीस तर दुकानदार त्यांच्याशीच बोलेल, म्हणून एकटी जा किंवा माझ्याबरोबर चल. याच शहरातली ऐश्वर्या पिस्से २०१९ मध्ये एफआयएम बाहा वर्ल्ड कपमध्ये महिलांच्या गटात जगज्जेती झाली. मोटारस्पोर्टमध्ये जागतिक किताब जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ती. तेव्हा टायरबद्दल प्रश्न विचारताना तुझा आवाज खाली जायचं काही कारण नाही.

टायर बसवण्याआधी बाजूवर डॉटच्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघ. १८२५ असेल तर २०२५ चा अठरावा आठवडा. गोदामात पडून पडूनही रबर कडक होतं, तेव्हा जुना माल स्वस्तात मिळाला तरी परत कर. आयएसआयचा शिक्का बघ. बाणाची दिशा चाक फिरतं त्याच दिशेला आहे ना, हे स्वतः तपास. व्हॉल्व्ह नवा घालून घे, बॅलन्सिंग करून घे. नायट्रोजनचा आग्रह झाला तर सोडून दे, साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो. हवा मात्र दर आठवड्याला, टायर थंड असताना, गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे. मऊ रबर खिळे लवकर खातं, आणि आपल्या रिंग रोडवर खिळ्यांना तोटा नाही. सिल्क बोर्ड ते बेलंदूर पट्ट्यात एका इंजिनिअरने चुंबक फिरवून किलोकिलोने खिळे गोळा केले होते. मधल्या भागाचं पंक्चर काढता येतं, बाजूच्या भिंतीचं काढून घेऊ नकोस. पंक्चरवाला "होतंय की" म्हणाला तरी नाही.

आणि नवा टायर घालून लगेच बेळगावला निघायचं नाही. त्यावर साच्यातून आलेला गुळगुळीत थर असतो, तो जायला शंभर-दीडशे किलोमीटर लागतात. तोवर जोरात ब्रेक नको, झुकणं हळूहळू वाढव. म्हणून या आठवड्यातच घाल आणि ऑफिसच्या फेऱ्यांतच तो थर जाऊ दे. निघायच्या दिवशी पहाटे फार लवकर उठू नकोस, कारण नाइस रोडवर दुचाकींना रात्री दहा ते पहाटे पाच बंदी आहे, जानेवारी २०२२ पासून. साडेपाचला निघालीस की तुमकूर रोडला पोचेपर्यंत उजाडतं. चित्रदुर्गला थांब, पाणी पी, मागच्या टायरवर हात फिरवून खिळाबिळा अडकलाय का बघ, आणि मला फोन कर.