परदेशात राहून कापूरहोळला घर बांधताना

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की खेड शिवापूर आणि चेलाडी मागे पडल्यावर कापूरहोळचा चौक लागतो. उजवीकडे भोरचा रस्ता, डावीकडे केतकावळ्याच्या बालाजीवरून नारायणपूर, सासवडकडे जाणारा. संभाजी महाराजांच्या दूधआईचं, धाराऊंचं हे गाव. भोर-वेल्ह्यातून आधी मुंबई-पुण्याला आणि तिथून परदेशी गेलेल्या घरांतली माणसं बंगला बांधायचा म्हटलं की याच पट्ट्यात जागा बघतात. हायवे जवळ, पुरंदर नजरेत, मूळ गावही हाताशी. दुबई, लंडन, न्यू जर्सी, मेलबर्न अशा ठिकाणी बरीच वर्षं काढलेल्या आणि इकडे घर उभं करून झालेल्या कुटुंबांच्या अनुभवांवरून हे टिपण केलं आहे. तुम्ही नुकतेच बाहेर गेला असाल, थोडी शिल्लक हाती आली असेल आणि ‘आता गावाकडं घर’ हा विचार डोक्यात घोळत असेल, तर हे तुमच्यासाठी.

काय त्रास झाला असं विचारलं की सिमेंट, स्टील, भाववाढ हे विषय नंतर येतात. पहिला विषय निघतो तो भावाचा. नाहीतर मेहुण्याचा, चुलत्याचा. घर बाहेरच्या भावाचं आणि देखरेख गावातल्या भावाची, ही व्यवस्था सगळ्यांना आपोआप सुचते. तो बिचारा रोज जाऊन बांधकामावर पाणी मारतो, टँकर बोलावतो, पावत्या पिशवीत जपून ठेवतो. पण ठेकेदार त्याच्या ओळखीचा असतो. कधी भावकीतला, कधी शेजारच्या गावचा, उद्या लग्नाच्या पंगतीत मांडीला मांडी लावून बसणारा. कॉलमची रिंग लांब लांब बांधलेली दिसली तरी ‘सोडा आणि परत बांधा’ असं त्याला तोंडावर म्हणता येत नाही. म्हणालाच तर उत्तर येतं, ‘तात्या, तुम्ही राहू द्या, दादांशी मी बोलतो फोनवर.’ सकाळी अकराला साइटवर अडचण उभी राहते तेव्हा न्यू जर्सीतल्या दादांकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते. निर्णय कुणीतरी घेतोच. बहुतेकदा सेंटरिंगवाला घेतो.

मग हिशेब. बाहेरचा भाऊ आकडे मागतो, कारण त्याला सवय तशी. गावातल्या भावाला ते लागतं, कारण त्याने वर्षभर स्वतःची शेती सोडून उन्हात काढलेलं असतं आणि त्याबद्दल एक रुपया घेतलेला नसतो. ‘एवढे पैसे गेले कुठे?’ या एका प्रश्नावरून बोलणं तुटलेली सख्खी भावंडं या अनुभवांत आहेत. घर छान झालं, वास्तुशांतीला भाऊ आला नाही. घराच्या कुठल्याही दोषापेक्षा हे दुःख मोठं, आणि ते टाळता येण्यासारखं होतं.

म्हणून देखरेखीला पगारी माणूस ठेवा. भोरचा, नसरापूरचा किंवा पुण्याचा सिव्हिल इंजिनिअर, ज्याचं ठेकेदाराशी कसलंही देणंघेणं नाही. त्याची फी टप्प्याटप्प्याने द्या आणि काम थांबवण्याचा अधिकार त्याला लेखी द्या. अडचणीच्या वेळी जागेवर निर्णय घेईल असा माणूस तोच. त्याच्या सहीशिवाय स्लॅब भरायचा नाही आणि हप्ता सुटायचा नाही. भावाला भूमिपूजनाला पाटावर बसवा, पाणी कुठे लागेल, वारा कुठून येतो, पावसात ओढा किती फुगतो हे त्यालाच विचारा, ते इंजिनिअरला माहीत नसतं. फक्त सही आणि पैसा त्याच्या हातून फिरवू नका. यात अविश्वास नाही. ज्या जागी त्याला उभंच राहता येणार नाही तिथे त्याला उभं करणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

पैसे तुमच्या एनआरओ किंवा एनआरई खात्यातून थेट ठेकेदाराच्या आणि दुकानदाराच्या खात्यात जाऊ द्या, आणि पक्कं बिल घ्या. पुढे कधी घर विकायची वेळ आली तर भांडवली नफ्याचा कर मोजताना बांधकामाचा खर्च वजा होतो, पण तो दाखवता आला तरच.

जमिनीचं आता. हायवेवर आणि भोर रस्त्याला ‘फार्महाऊस प्लॉट’ अशा पाट्या दिसतील. परकीय चलनाच्या नियमांनुसार अनिवासी भारतीयाला किंवा ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन, मळ्याची जमीन आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने मिळालेली शेतजमीन ठेवता येते. म्हणजे विकत घ्यायची ती एन.ए. (बिनशेती) झालेली जागाच. शिवाय तुकडेबंदीचा १९४७चा कायदा आहे. २०२३ साली जिरायतीसाठी वीस आणि बागायतीसाठी दहा गुंठ्यांचं किमान क्षेत्र ठरलं, आणि त्यानंतरही नियमांत सवलतीचे बदल झाले आहेत. तेव्हा व्यवहाराच्या दिवशी काय लागू आहे ते वकिलाकडून लेखी घ्या. दोन-दोन गुंठे विकून सगळ्यांची नावं एकाच सातबारावर सामाईक चढवलेली असतात, अशा व्यवहारात तुमचा दोन गुंठ्यांचा तुकडा नेमका कुठला हे कागद सांगत नाही. मग बांधकाम परवानगीही अडते आणि बँकही कर्ज देत नाही.

वडिलोपार्जित जमिनीवर बांधणाऱ्यांची अडचण वेगळी. आजोबांच्या नावाचा सातबारा, वारसनोंदी अर्धवट, आत्यांची नावं एका फेरफारात आहेत आणि दुसऱ्यात नाहीत. ‘आपल्यात काय, तू बांध की’ असं सगळे म्हणतात आणि मनापासून म्हणतात. पण सामाईक जमिनीवर तुम्ही घर बांधलंत तरी खालची जमीन सगळ्यांचीच राहते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५खाली तहसीलदारांकडे सहमतीने वाटप करून घेता येतं. ते आधी करा, बहिणींसह सगळ्यांच्या सह्यांनी. मग भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी आणा आणि हद्दीचे दगड रोवा. मोजणीची ‘क’ प्रत हातात आल्याशिवाय कुदळ मारू नका.

सातबाराचा ‘इतर हक्क’ हा रकाना या भागात विशेष नीट वाचायचा. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी ही धरणं याच परिसरातली. प्रकल्पाच्या लाभक्षेत्रातल्या जमिनींवर पुनर्वसनाचा शेरा असू शकतो, आणि तो असेल तर हस्तांतराला परवानगी लागते. भोगवटादार वर्ग २ असेल तरी तेच. गावठाणापासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला बिनशेतीसाठी सोपी तरतूद आहे, ती आपल्या गटाला लागते का ते विचारा. आणखी एक: पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) २०१५ साली झालं, भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांचा काही भाग त्याच्या हद्दीत येतो. तुमचा गट कुणाच्या हद्दीत आहे त्यावर नकाशा कुठे द्यायचा ते ठरतं. ‘ग्रामपंचायतीचा दाखला आहे ना’ एवढ्यावर समाधान मानू नका. हायवेलगत बांधणार असाल तर रस्त्यापासून सोडायचं अंतर नकाशावर दाखवून घ्या.

या सगळ्यासाठी मुखत्यारपत्र लागेल. ते विशेष मुखत्यारपत्र असावं: मोजणी, परवानगी, वीजमीटर, नळजोड एवढ्यापुरतं. विक्री आणि गहाण यांचे अधिकार त्यात नकोत. अमेरिका, ब्रिटनमध्ये नोटरी करून अपोस्टील घेता येतं, दुबईत भारतीय वाणिज्य दूतावासात जावं लागतं. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं. बहुतेक जण हे विसरतात आणि ऐन कामाच्या वेळी अडकतात.

ठेकेदाराशी होणारी निम्मी भांडणं मापावरून होतात. दर ठरतो चौरस फुटाला, पण फूट कुठले मोजायचे हे ठरत नाही. बाहेरच्या भिंतीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत? छज्जा, पडवी, जिना, पोर्च धरून? जिन्यावरची टोपी? पाण्याची जमिनीतली टाकी, शौचालयाची टाकी, कंपाउंड, गेट हे दरात की वेगळं? शेवटच्या बिलात ‘एक्स्ट्रा काम’ म्हणून जे येतं ते बहुतेक यातलंच असतं. करार लेबर रेटने असो की मटेरियलसह, हे सगळं नकाशावर रंगाने दाखवून दोघांच्या सह्या घ्या. मराठीत लिहा, म्हणजे ठेकेदार, मुकादम आणि तुमचे वडील तिघांनाही वाचता येईल.

हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधा: पाया, जोतं, लिंटल, स्लॅब, वीटकाम, गिलावा, फरशी. टप्पा मोजून झाला की पैसे, आधी नाही. पण टप्पा झाला की त्याच आठवड्यात पैसे, हेही तितकंच महत्त्वाचं. मजुरांना दर आठवड्याला पगार लागतो. तुमची बँक, वेळेचा फरक, सुट्ट्या यात हप्ता पंधरा दिवस लांबला की मुकादम माणसं दुसऱ्या साइटवर हलवतो, आणि गेलेली टोळी परत आणणं फार कठीण. काम रखडल्याच्या तक्रारी ऐकताना असं दिसतं की पुष्कळ ठिकाणी उशिराची सुरुवात मालकाकडून झाली होती.

पाया ठरवायच्या आधी चाचणीचा खड्डा घ्या. शिवगंगा, गुंजवणीच्या काठाकडे काळी माती खोल असते, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. डोंगराच्या बाजूला थोड्याच खाली मुरूम लागतो. दोन्हीकडे एकच पाया चालत नाही. शेजारच्या बंगल्याला चार फूट पुरले म्हणून तुम्हालाही पुरतील असं नाही. पायात वाळवीचं औषध जोतं भरायच्या आधीच मारायचं असतं. तुमचं घर वर्षातले दहा-अकरा महिने बंद राहणार आहे, म्हणून हे फार महत्त्वाचं.

आपल्या हातात राहतं ते बघणं. रोजचा व्हिडिओ कॉल लवकरच कंटाळवाणा होतो आणि त्यात दिसतही काही नाही. त्याऐवजी ठरलेल्या जागांचे फोटो मागा, बाजूला टेप धरून: काँक्रीट ओतण्याआधीचे खड्डे, स्लॅबची सळई आणि खालचे कव्हर ब्लॉक, गिलाव्याआधी भिंतीतले वीज आणि पाण्याचे पाइप. हा शेवटचा संच आयुष्यभर जपा. पुढे भिंतीत खिळा मारताना उपयोगी पडेल. काँक्रीटला पाणी मारणं साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि पीपीसीला किमान दहा. कडक उन्हाळ्यात याच कामात चुकारपणा होतो, कारण पाणी टँकरचं असतं. म्हणून पाण्याचा खर्च कुणाचा ते करारात हवंच. वाळू आता नदीची जवळपास मिळत नाही, क्रश सँडच वापरतात. ती धुतलेली आहे का, धूळ किती आहे ते इंजिनिअरने बघावं.

इथलं कॅलेंडर समजून घेतलं तर अर्धी चिडचिड कमी होईल. भोर-वेल्हे हा भाताचा मुलूख. जुलैत लावणी सुरू झाली की स्थानिक बिगारी शेतात, काढणीला पुन्हा तेच. चैत्रात गावोगावच्या जत्रा. बाहेरून आलेल्या टोळ्या होळीला आणि दिवाळी-छठला गावी जातात आणि सांगितलेल्या दिवशी परत येत नाहीत. पितृपक्षात नवं काम कुणी धरत नाही. पावसाळ्यात वीटभट्ट्या बंद, म्हणून विटा मे अखेर साइटवर आलेल्या बऱ्या. दिवाळीनंतर पाया काढला आणि पैसा, माणसं दोन्ही जागेवर राहिली, तर पावसाच्या आधी स्लॅब पडतो आणि पावसात आतली कामं चालतात. उन्हाळ्याच्या शेवटी पाया काढला तर खड्ड्यांत पाणी साठून सगळंच बसतं.

तुमच्याकडून होणारा घोळही सांगायला हवा. लिंटल झाल्यावर ‘खिडकी मोठी करा’, फरशी बसल्यावर ‘किचन उघडं हवं’, तिकडच्या मित्राचं घर बघून पश्चिमेला अख्खी काचेची भिंत. मार्च ते मे दुपारी त्या काचेमागे बसवत नाही, आणि पावसात याच बाजूने सपकारा येतो. आराखडा ठरवायला सहा महिने जास्त लागू द्या, पण एकदा काम निघालं की बदल फक्त लेखी, किमतीसकट.

दुसरा मोह वास्तुशांतीच्या तारखेचा. डिसेंबरच्या सुट्टीतली तिकिटं काढली, मुहूर्त काढला, पत्रिका गेल्या. ठेकेदार शब्द पाळतो: ओल्या गिलाव्यावर पुट्टी, पुट्टीवर रंग. फोटोत घर झकास येतं. पहिल्या पावसात भिंतीचे पापुद्रे सुटतात. एका कुटुंबाने यावर चांगला मार्ग काढला. डिसेंबरात फक्त गणेशपूजन केलं, रंग न दिलेल्या हॉलमध्ये पंगत बसवली आणि वास्तुशांत पुढच्या अक्षय्य तृतीयेला केली. पाहुण्यांनी काही कमी मानलं नाही.

तक्रार कुठे करायची, हेही बरेच जण विचारतात. स्वतःच्या जागेवर ठेकेदाराकडून बांधून घेतलेल्या घराला महारेरा लागू होत नाही. घरबांधणी ही सेवा मानली जाते, म्हणून ग्राहक आयोगाकडे जाता येतं; पण तिथे करार, बिलं, फोटो आणि इंजिनिअरचे शेरे लागतात.

शेवटच्या हप्त्यातली ठरावीक रक्कम एक पावसाळा होईपर्यंत हातात ठेवा आणि हे करारातच लिहा. जून ते सप्टेंबर गच्चीचा उतार, खिडक्यांच्या चौकटी, पश्चिमेची भिंत कुणीतरी पाऊस पडत असताना जाऊन बघायला हवी. इथे भावाला सांगायला काहीच हरकत नाही. गळती दिसली की ठेकेदाराला दुरुस्तीला बोलवा, इंजिनिअरने पाहिलं की रक्कम सोडा. तोवर भोगवटा प्रमाणपत्र, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ला घराची नोंद आणि मीटर तुमच्या नावावर, ही तीन कामं करून घ्या. घरपट्टी आणि वीजबिल तिकडून ऑनलाइन भरता येतं, पण बिल कुणाच्या तरी नजरेखाली असू द्या. थकबाकीवरून वीज तुटली तर जोडून घ्यायला माणूसच तिथे जावा लागतो.